अपात्र उमेदवारांचे अर्ज आणि छोटा व्यवसाय: आधी मोजमाप, मग नकार

प्रश्न: आमचं छोटं मशीनशॉप आहे, दहा-बारा माणसं काम करतात. मशीन ऑपरेटर आणि स्टोअरकीपर अशा दोन जागांसाठी ऑनलाइन जाहिरात टाकली. अर्जांचा ढीग आला, पण बहुतेकांचा या कामाशी काही संबंधच नाही. काही जण थेट दारात येऊन उभे राहतात, काही ओळखीच्यांकडून शब्द टाकतात, काही रोज फोन करतात. सगळ्यांना भेटायला वेळ नाही आणि कोणाला तोंडावर नाहीही म्हणवत नाही. काय करावं?

उत्तर:

तुमच्या प्रश्नातलं 'नाही म्हणवत नाही' हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण छोट्या व्यवसायात भरतीचा गोंधळ बहुधा तिथूनच सुरू होतो. नाही म्हणवत नाही म्हणून आपण 'बघू, कळवतो' म्हणतो. समोरचा त्या शब्दावर आठवडाभर थांबतो, मग फोन करतो, मग चकरा मारायला लागतो. रोज फोन करणाऱ्यांपैकी बरेच जण अशाच एखाद्या अर्धवट उत्तराला धरून बसलेले असतात. भीड हे एक कारण झालंच. पण त्याच्या मागे आणखी एक असतं: हा माणूस या कामाला का चालणार नाही, हे आपण स्वतःशीच नीट ठरवलेलं नसतं. मोजमाप हातात नसलं की नकार द्यायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी मोजमापाबद्दल लिहितो आणि नकाराबद्दल नंतर.

त्याआधी, ही गर्दी का होते ते समजून घ्या. ऑनलाइन अर्जाला आता एक बटण पुरतं. बायोडेटा आधीच चढवलेला असतो, त्यामुळे जाहिरात पुरती न वाचताही माणूस एका बैठकीत कितीतरी ठिकाणी अर्ज करतो. बहुतेक ठिकाणांहून उत्तरच येत नाही, हे त्याला अनुभवाने कळलेलं असतं. मग विचार करून, निवडून अर्ज करायचा तो कशासाठी? ब्रिटनसारख्या देशांत बेरोजगारांना सरकारी मदत चालू राहण्यासाठी आपण नोकरी शोधतोय हे दाखवावं लागतं, तेही एक कारण असतं. तुमचा वेळ खायचा कोणाचाच हेतू नसतो. हे मनाशी पक्कं असलं की ढीग चाळताना येणारी चिडचिड पुढच्या अर्जावर निघत नाही. तो पुढचा अर्ज कदाचित तुम्हाला हव्या असलेल्या माणसाचा असेल.

आता तुमची जाहिरात. ती मी पाहिलेली नाही, पण 'अनुभवी, मेहनती, प्रामाणिक उमेदवार पाहिजेत, पगार योग्यतेनुसार' अशा धाटणीची असेल तर आलेल्या ढिगातला मोठा वाटा त्या वाक्याचा आहे. आपण मेहनती नाही असं कोणाला वाटतं? या जाहिरातीतून एकही माणूस स्वतःहून गळत नाही. स्टोअरकीपरची जाहिरात अशी लिहून पाहा: 'आलेला माल चलनाप्रमाणे (म्हणजे मालासोबत आलेल्या यादीप्रमाणे) मोजून घ्यायचा. कमी-जास्त निघाला तर त्याच दिवशी पुरवठादाराला लेखी कळवायचं. रोज संध्याकाळी साठा स्प्रेडशीटमध्ये जुळवायचा. वीस किलोपर्यंतचे खोके उचलावे लागतात. दिवसाचा बराच वेळ उभं राहून काम. सुट्टी आठवड्यातून एक.' आणि पगाराचा आकडा, निदान 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असा. पगार लपवला की जास्त माणसं येतात आणि शेवटच्या भेटीत निघून जातात.

कामाची अवघड बाजू आधीच सांगितली तर चांगली माणसंही पळतील, अशी भीती वाटते. जॉन वानस या संशोधकाने १९७३ मध्ये टेलिफोन ऑपरेटरच्या भरतीत हेच तपासलं होतं. काहींना नेहमीची गोड-गोड माहिती दिली आणि काहींना कामातला कंटाळा, सतत राहणारी देखरेख हेही दाखवलं. खरी बाजू पाहिलेल्यांच्या अपेक्षा सुरुवातीपासून बेताच्या राहिल्या आणि पुढे नोकरी सोडण्याचे विचारही त्यांच्या मनात कमी आले. दहा माणसांच्या शॉपमध्ये तर याला फार किंमत आहे, कारण दुसऱ्या महिन्यात सोडून गेलेल्या एका माणसाचं काम उरलेल्या नऊ जणांच्या अंगावर येतं.

जाहिरात लिहिण्याआधी कागदावर दोन याद्या करा. एकीत ज्याच्याशिवाय पहिल्या दिवशी काम सुरूच होणार नाही ते. दुसरीत आपण महिन्या-दीड महिन्यात शिकवू शकतो ते. पहिली यादी तीन-चार ओळींच्या वर गेली तर पुन्हा बसा, कारण त्यात हौसेच्या गोष्टी घुसलेल्या असतात. ज्या कामाला कायद्याने परवाना लागतो, उदाहरणार्थ वाहन चालवणं किंवा बऱ्याच ठिकाणी विजेची जोडणी, ते मात्र पहिल्याच यादीत आणि तिथे कोणाचीही गय नाही. बाकी पदवी, 'किमान पाच वर्षं अनुभव', सफाईदार इंग्रजी, या ओळी खरोखर कामासाठी आहेत की सवयीने लिहिल्या आहेत ते स्वतःला विचारा.

इथे थोडा थांबतो, कारण 'अपात्र' हा शिक्का आपण फार घाईने मारतो. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये भरतीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र तपासलं. निवडीच्या वेळी जे पाहिलं त्याचा पुढे प्रत्यक्ष कामाशी किती मेळ बसला, हे त्यांनी शून्य ते एक या मापावर मांडलं; आकडा एकच्या जितका जवळ, तितका मेळ चांगला. शिक्षणाची वर्षं: ०.१०. अनुभवाची वर्षं: ०.१८. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणं: ०.५४. सगळ्यांना तेच प्रश्न ठरलेल्या पद्धतीने विचारून घेतलेली मुलाखत: ०.५१. पुढे २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे हिशेब पुन्हा केले, तेव्हा बरेच आकडे खाली आले. ठरलेल्या प्रश्नांची मुलाखत ०.४२ वर राहून सगळ्यांच्या पुढे गेली आणि कामाचा नमुना ०.३३ वर आला. आकड्यांवर अभ्यासक अजून वाद घालतात. पण बायोडेट्यावर आपली नजर जिथे पहिली जाते, म्हणजे शिक्षण आणि वर्षं, तिथे फार थोडं हाती लागतं; अनुभवाच्या वर्षांबाबत तर हे दोन्ही वेळा दिसलं.

कागदी अट कामाशी जुळत नसेल तर ती अन्यायही करते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात हेच सांगितलं. कंपनीने चांगल्या विभागांतल्या जागांसाठी शालान्त प्रमाणपत्र आणि चाचण्यांची अट घातली होती, आणि त्यामुळे कृष्णवर्णीय कामगार मोठ्या प्रमाणात बाहेर पडत होते. दुसरीकडे, ते प्रमाणपत्र नसलेले जुने कर्मचारी त्याच विभागांत व्यवस्थित काम करत होते. अटीचा कामाशी संबंध दाखवता आला पाहिजे, असा निकाल लागला. कायदा तुमच्या देशात कसा आहे ते वेगळं पाहा, पण अटींची यादी तपासायला ही कसोटी कुठेही उपयोगी पडते: ही अट पुरी न करणारा कोणी आज माझ्याकडे हेच काम नीट करतोय का?

मग काय पाहायचं? हातातलं काम. ऑपरेटरच्या जागेसाठी मी बरीच वर्षं एकच साधी चाचणी घेत आलोय. टेबलावर एक व्हर्नियर (जबड्यांत धरून बारीक मापं घ्यायचं साधन), एक बुश (धातूची छोटी पोकळ नळी) आणि एक कोरा कागद ठेवायचा. बुशचा बाहेरचा व्यास, आतला व्यास आणि लांबी मोजून लिहा, एवढंच सांगायचं. व्हर्नियर मुद्दाम किंचित झीरो एरर असलेलं, म्हणजे जबडे मिटल्यावरही शून्य न दाखवणारं, द्यायचं आणि बुशच्या कडेला थोडी बर, म्हणजे कापताना उरलेली खरखरीत धार, राहू द्यायची. आकड्यांपेक्षा मी हात बघतो. एक उमेदवार आला, तंत्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि मोठ्या कारखान्याचा अनुभव घेऊन. त्याने व्हर्नियर उचललं, बुश जबड्यात धरला आणि वाचून मोकळा झाला. आतला व्यास मोजताना वरचे छोटे जबडे तिरके बसलेत हे त्याच्या लक्षातही आलं नाही. दुसऱ्याचं शिक्षण दहावीच्या आत थांबलेलं. त्याने आधी बुशच्या कडेवरून अंगठा फिरवला, बर लागल्यावर पुसायला कापड आणि घासायला काही आहे का विचारलं. मग जबडे पूर्ण मिटवून उजेडाकडे धरले, 'साहेब, याचा झीरो जुळत नाही' म्हणाला आणि तो फरक कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. आतला व्यास त्याने बुश फिरवून तीनदा घेतला. बायोडेट्यावरून निवडलं असतं तर हा माणूस पहिल्याच चाळणीत गेला असता. सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली.

स्टोअरकीपरसाठी अशीच चाचणी करता येईल. एक चलन, खोक्यात प्रत्यक्ष माल, दोन नग कमी आणि एक वस्तू वेगळ्याच मापाची. तफावत सापडते का, आणि सापडल्यावर पुरवठादाराला कळवायची दोन वाक्यं धड लिहिता येतात का, हे बघा. चाचणी अर्ध्या तासाच्या आत संपावी आणि त्यातून तुमचं विकाऊ काम निघू नये. दिवसभर मशीनवर उभं करून खरे नग काढून घ्यायचे असतील तर त्या दिवसाची मजुरी द्या. फुकट काम करून घेणाऱ्याचं नाव गावभर व्हायला वेळ लागत नाही.

पण चाचणीही सगळ्यांची घेता येणार नाही, म्हणून तिच्याआधी एक बारीक चाळणी लागते. जाहिरातीतच दोन प्रश्न टाका आणि त्यांची उत्तरं अर्जासोबत मागा. 'तुम्ही शेवटचं कोणतं मशीन चालवलं आणि त्यावर काय बनवत होता?' आणि 'आमच्याकडची कामाची वेळ तुम्हाला जमेल का, कधीपासून?' उत्तरं दोन ओळींची असली तरी चालतील, शुद्धलेखनाकडे पाहू नका. एका बटणात पन्नास ठिकाणी पाठवणारा इथे थांबतो आणि ज्याला खरंच यायचं आहे तो लिहितो. ज्याला लिहिणं अवघड जातं त्याच्यासाठी 'फोनवर सांगितलं तरी चालेल, या वेळेत' अशी सोय ठेवा. नाहीतर मशीनवर उत्तम पण लिहिण्यात कच्चा असलेला माणूस गळेल.

भेटीत सगळ्यांना तेच पाच-सहा प्रश्न, त्याच क्रमाने. उत्तरं तिथेच टिपून ठेवा. लग्न, मूलबाळ, धर्म, जात, तब्येत यांची चौकशी नको. कामाच्या वेळेबद्दल शंका असेल तर वेळेबद्दलच विचारा.

आता नकार. ज्यांनी फक्त अर्ज केलाय आणि पहिल्या यादीतच बसत नाहीत, त्यांना दोन ओळींचा निरोप पाठवा, जमलं तर त्याच आठवड्यात: 'अर्जाबद्दल आभार. या जागेसाठी लेथ स्वतंत्रपणे चालवल्याचा अनुभव आवश्यक आहे, त्यामुळे तुमचा अर्ज पुढे नेत नाही आहोत.' मजकूर एकदा बनवून ठेवला की एका वेळी अनेकांना पाठवता येतो. मालकांना हे काम वाढवल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात याने फोन कमी होतात, कारण उत्तर मिळालेला माणूस दुसरीकडे बघायला मोकळा होतो. नोकरी शोधणाऱ्याच्या घरात ते 'बघू' किती जणांना धरून ठेवतं, याचा विचार करा. तो दुसरीकडची कमी पगाराची पण हातातली नोकरी तुमच्या भरवशावर सोडून देतो. नकाराने वाईट वाटतं ते दोन दिवस. टांगून ठेवल्याने त्याचा महिना जातो.

ज्याला तुम्ही भेटलात, ज्याने वेळ काढून चाचणी दिली, त्याला निरोपावर भागवू नका. फोन करा किंवा समोर सांगा. पहिल्या दोन वाक्यांत नकार आला पाहिजे. हवापाण्याच्या गप्पा मारून शेवटी सांगितलं की समोरच्याची आशा तेवढा वेळ उगाच वाढते. कारण एकच द्या, कामाचं द्या आणि खरं द्या: 'मोजमापात अचूकपणा कमी पडला, आमच्या कामात तिथे सवलत देता येत नाही.' वय, दिसणं, बोलण्याची ढब, घरची परिस्थिती यांवर एक शब्दही नको. 'पुढच्या वेळी नक्की घेऊ' म्हणू नका. तो शब्द तो लक्षात ठेवतो आणि तुम्ही विसरता. वाद घातला तर कारण आणखी एकदा, त्याच शब्दांत सांगा आणि थांबा. त्यानंतरही फोन येत राहिले तर 'निर्णय झालेला आहे, यापुढे या जागेबद्दल फोन घेता येणार नाहीत' असं एकदा स्पष्ट सांगून खरोखरच घेऊ नका. एखादा रडवेला होतो, घरची अडचण सांगतो. ऐकून घ्या, मनापासून ऐका. पण त्या क्षणी निर्णय बदलू नका. अडचण खरी असली तरी तिने त्याला मशीन चालवता येणार नाही, आणि मशीनवर त्याचा हात सापडला तर अडचण दुप्पट होईल.

थेट दारात येणाऱ्यांसाठी एक ठरलेली वेळ आणि एक पानाचा फॉर्म ठेवा, त्यात तेच दोन प्रश्न. दारावरच्या माणसाने फॉर्म द्यायचा, घ्यायचा आणि उत्तर कधीपर्यंत मिळेल ते सांगायचं. माणूस कसा वाटतो यावरून त्याने परत पाठवायचं नाही. चालत येणाऱ्यांना मी कमी लेखत नाही. ज्यांना बायोडेटा बनवता येत नाही असे कसबी हात बरेचदा असेच येतात.

ओळखीतून येणारे हे सगळ्यात अवघड प्रकरण. जुना ग्राहक म्हणतो, 'माझा पुतण्या आहे, कुठेतरी लावून घ्या.' इथे छोटा मालक हमखास 'ठेवून तर बघू' म्हणतो, आणि पुढचा त्रास त्यातूनच येतो. काम न जमणारा माणूस ठेवला की त्याचे चुकलेले नग दुसरा कोणीतरी दुरुस्त करतो. तो दुसरा तुमचा सगळ्यात चांगला कारागीर असतो, आणि काही महिन्यांनी सोडून जातो तोही तोच. ठेवलेल्याला काढणं तर न घेण्यापेक्षा कितीतरी कठीण, कारण आता त्यात ग्राहकही आला. त्यामुळे शब्द टाकणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा: 'जरूर पाठवा, सगळ्यांची एकच चाचणी असते, तीच त्याची होईल.' यात कोणाचा अपमान नाही. निकाल मात्र उमेदवाराला थेट सांगा. मध्यस्थामार्फत नकार कळवला की तो वाटेत मऊ होतो आणि पुतण्याला वाटतं, आणखी थोडा जोर लावला तर होईल. ग्राहकाला नंतर इतकंच: 'त्याच्याशी बोललो आहे, काय कमी पडलं ते त्याला सांगितलंय.'

काही जण काठावर असतात. हात चांगला, पण तुमचं मशीन माहीत नाही. त्यांना नाही म्हणण्याआधी, आणि हो म्हणण्याआधीही, चार गोष्टी लिहून काढा: शिकवणार कोण, रोज किती वेळ, किती आठवडे, आणि त्या काळात शिकवणाऱ्याचं काम कोण करणार. चौथ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर आत्ता घेऊ नका, कितीही वाटलं तरी. उत्तर असेल तर चाचणी-काळाची मुदत, त्यातला पगार आणि मुदतीअखेर काय यायला हवं हे लेखी द्या. 'सहाव्या आठवड्यात हा पार्ट ड्रॉइंगवरून एकट्याने काढता आला पाहिजे' इतकं नेमकं लिहा. मधे दर आठवड्याला दहा मिनिटं बसून कुठे पोचलाय ते सांगा, म्हणजे शेवटी नाही म्हणायची वेळ आली तरी त्याला धक्का बसणार नाही.

प्रमाणपत्राची शंका आली तर मूळ प्रत मागा किंवा देणाऱ्या संस्थेकडे विचारा. खोटं निघालं तर नकार द्या आणि विषय तिथेच संपवा. चारचौघांत उघडं पाडायचं काही कारण नाही. आलेले बायोडेटा व्यावसायिकांच्या ग्रुपवर फिरवू नका, त्यात लोकांचे पत्ते आणि नंबर असतात. युरोपात मे २०१८ पासून आणि भारतात २०२३ च्या कायद्याने वैयक्तिक माहितीबद्दल जबाबदाऱ्या घातल्या आहेत. कायदा कुठलाही असो, गरज संपली की ते कागद नष्ट करावेत. आणखी एक ओळ जाहिरातीत हवीच: 'भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर आम्ही पैसे घेत नाही.' नोकरी लावून देतो म्हणून तुमच्या नावावर पैसे उकळणारे निघतात, आणि सापडतात ते नेमके गरजू लोक. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९७ च्या १८१ व्या करारातही खासगी भरती संस्थांनी कामगारांकडून शुल्क घेऊ नये असं तत्त्व आहे.

सध्या तुमच्यासमोर जो ढीग पडलाय त्याचं असं करा. चालू जाहिरात आज उतरवा. दोन याद्या लिहा आणि त्या हातात धरून अर्ज एकदाच चाळा. प्रत्येकाला एक मिनिटापेक्षा जास्त नको. पहिल्या यादीत न बसणाऱ्यांना त्याच संध्याकाळी नकाराचा निरोप. उरलेल्यांना ते दोन प्रश्न आणि उत्तरासाठी तीन दिवस. ज्यांची उत्तरं पटतील त्यांना पुढच्या आठवड्यात चाचणीला बोलवा, दिवसाला चार-पाचच, म्हणजे तुमचंही काम अडणार नाही. रोज फोन करणाऱ्यांची नावं वेगळी काढून त्यांना आधी उत्तर द्या, कारण ते सगळ्यात जास्त दिवस थांबलेत. पुरेसे लोक मिळाले नाहीत तरच नवी जाहिरात, नव्या मजकुराने. आणि जागा भरेल त्या दिवशी ती बंद करायला विसरू नका. माणूस कामाला लागून महिना झाला तरी उघडी राहिलेली जाहिरात अर्ज गोळा करत असते, आणि त्या प्रत्येकाला पुन्हा कोणीतरी उत्तर द्यावं लागतं.